पाव्हणा कुणाकडं जातो

आधी एक सांगतो, चौकात संग्रामदादाचा तो फ्लेक्स लागलाय ना, फेटा बांधलेला, खाली ‘जिद्द, चिकाटी आणि संघभावना’, त्यातलं एकही अक्षर खरं नाही. मी त्या टीममध्ये होतो. मला विचारा. आणि रव्या, तू मधी तोंड घालू नको. चहा पी, आधी ऐक.

‘कातळ’ तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, पण खेळलाय कुणी? कुणीच नाही. मग थोडं सांगावं लागंल. चौघांनी मिळून खेळायचा गेम आहे. डोंगराच्या पोटात उतरायचं, मरायचं, परत उतरायचं, परत मरायचं, आणि सगळ्यात खाली एक दगडी राक्षस. कंपनीनं त्याला हातभर लांब संस्कृत नाव दिलंय, ते कुणी घेत नाही. आपल्याकडं त्याला पाव्हणा म्हणतात. तो आला की घरात कुणाचं काही खरं नसतं म्हणून.

त्यात सोपं, मध्यम, अवघड अशी बटणंच नाहीत. आणि ‘मी तलवारवाला होतो, तू वैदू हो’ असं पण काही निवडायचं नसतं. तुम्ही जसं खेळाल तसा तुमचा देह घडतो. सारखा वार करत राहिलात तर हात जाड होतात, सारखे चुकवत राहिलात तर पाय हलके होतात, दुसऱ्याला उचलत राहिलात तर पाठ तयार होते. एका माणसाला एकच देह. दुसरं खातं काढता येत नाही, कारण गेम तुम्हाला पासवर्डनं ओळखत नाही, मनगटावरच्या पट्ट्यानं ओळखतो.

आता तो पट्टा. ही गोष्ट मला लै भारी वाटली होती पहिल्यांदा. बघा, तुमचं बोट हलायच्या आधी मेंदूचा हुकूम नसेतून खाली येतो आणि कोपराखालच्या स्नायूत एक बारीक विजेची लाट उठते. बोट नंतर हलतं, लाट आधी येते. पट्टा ती लाट वाचतो. म्हणजे तुम्ही काय करणार हे गेमला तुमच्या बोटाच्या आधी कळतं. इथंपर्यंत ठीक. पण साथीदारावर वार व्हायला लागला की तुमचा हात आपोआप तयारीला लागतो, तुम्ही जागचे हलला नाहीत तरी. कुणासाठी लाट टचकन उठते, कुणासाठी रेंगाळते, कुणासाठी उठतच नाही. मुद्दाम हात आवरलात तर उठलेली आणि दाबलेली लाट वेगळी दिसते, त्यामुळं नाटक चालत नाही. या सगळ्यातून गेम एक आकडा काढतो. त्याला म्हणतात ओढ. तुम्हाला त्याची ओढ किती, त्याला तुमची किती. जुनं सगळं धरतो, पण ताज्या घटकेला वजन जास्त.

आणि पाव्हणा त्या माणसाकडं जातो, ज्याची बाकी तिघांना सगळ्यात कमी ओढ आहे.

कळलं काय? म्हणजे ज्याच्यासाठी कुणाचा हात उठणार नाही, त्यालाच तो धरतो. कंपनीचे लोक मुलाखतीत हसून सांगत होते, यानं मैत्री वाढेल, माणसं जवळ येतील. तुमच्यातली फट हीच अडचण, फट बुजवा, गेम सोपा. आणि खरंच आहे ते! गडहिंग्लजच्या चार बहिणी आहेत, चुलत-चुलत, त्या उतरल्या की पाव्हणा मधोमध नुसता उभा राहतो. कुणाकडं जाऊ त्याला कळतच नाही. त्या गप्पा मारत त्याला फोडतात.

पण आपली माणसं! एकमेकांवर जीव लावायचा म्हणजे कष्ट आहेत की ओ. त्यापेक्षा सोपं काय? एकाला ठरवून कमी लेखायचं. तिघं खुशाल, चौथ्याला कुणी विचारत नाही, पाव्हणा जन्मभर त्याच्याच मागं, आणि तिघं मागून कुदळी घालतात. त्या चौथ्याला म्हणायचं बकरा. वर्षभरात प्रत्येक तालमीनं, प्रत्येक मंडळानं एकेक बकरा पाळला. कंपनीनं फट बुजवायला गेम काढला, आणि आम्ही फटीचा धंदा केला.

आमच्या तालमीत कुस्ती कधीच संपली होती. लाल मातीच्या हौद्यावर फळ्या टाकल्या, त्यावर चार फिरत्या खुर्च्या. टीमचा कप्तान संग्रामदादा. का? तर तालमीचा अध्यक्ष त्याचा बाप. त्याचा गेममधला देह तुम्ही बघितला असता तर हसून मेला असता. दोन्ही खांदे रेड्यासारखे, पाय काड्यांसारखे. कारण त्यानं आयुष्यात कधी वार चुकवलाच नाही. चुकवणं म्हणजे कमीपणा. फोटोत कुऱ्हाड चांगली दिसते म्हणून कुऱ्हाड. दुसरा ऋतुराज, आपला रुत्या, दादानं शिंक दिली तर हा नाक पुसणार. ‘दादांसाठी जीव हाय!’ हे दर तासाला एकदा. तिसरा मी. आणि चौथा सुगत.

सुगत सदर बाजारातला. आला तेव्हा म्हणाला, मला भाला चालवायचाय. दादानं त्याचा देह उघडून बघितला आणि हसला. आधीच्या एका टीमनं त्याला न सांगता बकरा केला होता. बिचारा महिनोन्महिने जीव वाचवत पळत होता, त्यामुळं देह सगळा पायांचा. हलका, चपळ, पाठ मजबूत, हातात दम नाही. असा देह बघितल्यावर कोण त्याला भाला देणार? कुठंही जावो, बकराच.

दादा म्हटला, ‘‘हे बघ, भाला-बिला विसर. चौथ्याची जागा आहे. पाहिजे तर बस.’’

सुगतनं विचारलं, ‘‘जिल्हा जिंकला तर देह कोरा करून मिळतो ना?’’

‘‘जिंकलेल्या चौघांना मिळतो. तुला पण मिळंल. आम्ही काय खाऊन टाकणाराय?’’

‘‘मग बसतो.’’

एवढंच. त्याला बाकी काही नको होतं. देह कोरा पाहिजे होता, पहिल्यापासून, स्वतःच्या मनासारखा घडवायला. आणि तो मिळायचा एकच रस्ता, जिल्ह्याची फायनल.

मग सुरू झालं ट्रेनिंग. तुम्हाला वाटंल गेमचं ट्रेनिंग. नाही! सुगतला कमी लेखायचं ट्रेनिंग. दादा आम्हाला दोघांना बाहेर बसवून शिकवायचा, आणि काय तोऱ्यात, जणू ऑलिंपिकचा कोच.

‘‘राग धरायचा नाही,’’ दादा सांगायचा. ‘‘राग गरम असतो. रागानं पण हात उठतो, पट्ट्याला ती ओढच वाटते. किंमत शून्य पाहिजे. रस्त्यावर पडलेली खरकटी पत्रावळ बघून तुम्हाला राग येतो काय?’’

‘‘नाही दादा,’’ रुत्या.

‘‘मग तसं. ती पत्रावळ आहे.’’

मग नियम. त्याला नावानं हाक मारायची नाही, चौथा म्हणायचं. तो बोलला तर मोबाईल बघायचा. त्याच्याबरोबर जेवायचं नाही. आणि चहाला त्याला वेगळा कप, कानतुटका, खिडकीत ठेवलेला, स्वतः धुवून स्वतः ठेवायचा. हे सुचलं कुणाला? रुत्याला. सुचायला वेळ पण लागला नाही त्याला. बाकी सगळं शिकवावं लागलं, हे बरोबर आतनं आलं.

मी एकदा सुगतला म्हटलं, ‘‘तुला काय वाटत नाही व्हय रे, त्या कपाचं?’’

तो कप विसळत होता. म्हटला, ‘‘माझ्या आज्याला हे फुकटात मिळायचं. मला निदान जर्सी दिली.’’

आणि हसला. मला हसू आलं नाही. तिथनंच बिघडलं सगळं.

कारण मी त्याला खेळताना बघायला लागलो. तुम्ही बघाच एकदा. पाव्हणा अंगावर येतोय, घरभर उंच, आणि हा एकटा त्याच्या पायात. कुणी मदतीला येणार नाही हे त्याला माहिती. मान वर करत नाही, धावत नाही, नुसता अर्धं पाऊल इकडं, अर्धं तिकडं, आणि तो डोंगराएवढा हात बाजूनं जातो. दादा मागनं कुऱ्हाड घालून ओरडणार, ‘‘बघितलं काय माझा वार!’’ अरे वार कसला, पाठमोऱ्या म्हशीला कुणीही मारंल!

एक दिवस सरावात दमून मी गेममध्ये लवकर पडलो. आम्ही सुगतला उचलायचं नाही असा नियम होता. त्यानं आम्हाला उचलू नये असा नियम करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो पाव्हण्याच्या दोन हातांमधनं घुसला, मला उठवलं आणि परत पाव्हण्यासमोर जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. ‘‘कसं कळतं रे तुला वार कुठनं येणार?’’

‘‘हाताकडं बघू नको. खांदा बघ. खांदा आधी खोटं बोलतो, मग हात खरं बोलतो.’’

मग रोज थोडं थोडं शिकवायला लागला. तालमीच्या मागं, गुपचूप. मी वडापाव आणायचो, तो पावातला वडा काढून आधी खायचा आणि पाव मग मिरचीबरोबर, याला काय अर्थ आहे? मी त्याला वेड्यात काढायचो. तो म्हणायचा, ‘‘तू हाताकडंच बघत राहशील आणि मरशील.’’ चांगलं चाललं होतं, लै चांगलं.

फायनलच्या आधल्या आठवड्यात दादानं सरावाचे आकडे उघडले आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तालमीच्या मारुतीचा शेंदूर चोरलाय.

‘‘हर्षल. चौथ्यासाठी तुझी ओढ वाढलीया.’’

‘‘असंल.’’

‘‘असंल काय? आणि माझ्यासाठीची खाली गेलीया!’’

‘‘पट्टा बिघडला असंल, दादा,’’ रुत्या मधीच. त्याचा आकडा दादानं उघडला नाही. उघडायचं धाडस नव्हतं का गरजच वाटली नाही, देव जाणे. बायकोनं जेवण वाढलं की पोटभर प्रेम आहे असं समजणारी माणसं असतात ना, तसला तो.

मी वाद घालायला तोंड उघडलं तर सुगतनंच मला बाहेर ओढलं. चिडला होता. पहिल्यांदाच.

‘‘तुला काय वाटतं, तू माझ्यावर उपकार करतोयस? तुझी ओढ वाढली की पाव्हणा माझ्याकडनं सुटणार. सुटला की दादाकडं जाणार. दादा दोन वारात झोपणार. मग हरलो. मग मी हा देह घेऊन आणखी एक वर्ष बकरा. तू बसशील मला वडापाव देत.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘फायनल होईपर्यंत मला माणसात धरू नको. नंतर काय मैत्री करायची ती कर.’’

आता सांगा, हे कसं करायचं असतं? रात्रंदिवस मी त्याच्यातलं काहीतरी घाण शोधत होतो. नखं कुरतडतो. नाकात बोलतो. पाव नंतर खातो. जितकं शोधावं तितका तो जास्तच आपला वाटायचा. इतका नालायक मी, एका माणसाला कमी लेखायला सांगितलं तर ते पण जमंना. आणि रुत्याला बघा, काही न करता जमत होतं.

फायनल भर दुपारी, मोठ्या मैदानात. चारी बाजूंनी स्क्रीन, आम्हा चौघांचे आवाज थेट भोंग्यावर. दादाचा बाप पहिल्या रांगेत, हार आधीच आणून ठेवलेला. खाली उतरेपर्यंत सगळं नीट गेलं. पाव्हणा उठला. नेहमीसारखा सुगतकडं वळला. चार पावलं गेला आणि थांबला.

मी हाताकडं बघत होतो, माझ्या स्वतःच्या. उचलत नव्हतो. पण पट्ट्याला उचलायची गरज कुठं असते? पाव्हण्याची मान वळली. रुत्यावरनं गेली, माझ्यावरनं गेली आणि संग्रामदादावर येऊन थांबली.

‘‘ए! ए इकडं कुठं!’’ दादा भोंग्यावरनं किंचाळला. ‘‘रुत्या, आडवा हो! आडवा हो की भावा!’’

रुत्या ‘‘आलो दादा, आलो दादा’’ म्हणत होता आणि जागेवरच होता. अख्ख्या जिल्ह्यानं बघितलं. जीव देणार होता ना दादांसाठी? त्याचा जीव जाऊ दे, बोट पण गेलं नाही. दादानं चुकवायचा प्रयत्न केला, पण त्या काडीच्या पायांनी कुठं चुकवणार? पहिल्या वारात पडला. सुगतनं जाऊन उठवला. दुसऱ्या वारात परत पडला. परत सुगतनंच उठवला. तिसऱ्यांदा पडला की संपलं, टीम बाद. लोक हसायला लागले. दादाच्या बापानं हार मांडीवरनं खाली ठेवला.

आणि खरं सांगू, मला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं! वाटलं, बघ, बघ की आता, कोण पत्रावळ आहे ते. मी सुगतकडं बघितलं, म्हटलं हा पण हसत असंल.

तो खुर्चीतनं खाली उतरला.

पट्ट्याचा हात वरच ठेवला, बोटं चालूच. दुसरा हात त्यानं संग्रामदादाच्या बुटांवर ठेवला. तिथं, स्टेजवर, हजारो लोकांपुढं. आणि माईकमध्ये बोलायला लागला.

‘‘दादा, चुकलं माझं. तुमच्यामुळं मी आहे. तुम्ही जागा दिली नसती तर मला कुत्र्यानं विचारलं नसतं. माझी काय लायकी, दादा? या हर्षलच्या नादाला लागून मला वाटलं मी तुमच्या बरोबरीचा आहे. यानंच मला फितवलं. मी तसला नाही. तुमच्या पायाची शपथ, दादा, मला पायाशी ठेवा.’’

आवाज असा, लाळ घोटणारा, रुत्याला पण लाज वाटंल असा. आणि दादा, तिथं मरायला टेकलेला, खुशीत आला! ‘‘ऊठ ऊठ, असू दे,’’ म्हणतोय! माणसाच्या पोरा, वर राक्षस आहे!

आणि माझ्या पोटातनं एक ‘शी’ उठली. बस, एवढंच. शब्द पण नव्हता. वाटलं, हा पण असलाच निघाला. याच्यासाठी मी झटलो. काही उकळलं नाही, चिडलो पण नाही. सगळं गार पडलं.

पाव्हणा वळला. दादाच्या डोक्यावर उचललेला हात तसाच ठेवून तो वळला, आणि सरळ सुगतकडं गेला.

मग काय, सुगत होता तिथं. जमिनीवर बसल्या बसल्या एका हातानं त्यानं पाव्हण्याला जो नाचवलाय! अर्धं पाऊल इकडं, अर्धं तिकडं. दादा सुटला, रुत्या सुटला, मी पण मागनं घाव घालत राहिलो, यंत्रासारखा. पाव्हणा फुटला तेव्हा सुगत उठला, गुडघे झटकले आणि पट्टा काढून ठेवला. चेहऱ्यावर लाळघोटेपणाचा मागमूस नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फार लवकर पडला म्हणायचा!

सत्काराला दादाला फेटा, दादाच्या बापाला फेटा, रुत्याला श्रीफळ. रुत्या भाषणात म्हटला, दादांवर पाव्हणा गेला तो दादांनी मुद्दाम ओढून घेतला. टाळ्या! फ्लेक्सवर तिघंच आहेत, जाऊन मोजा. चौथ्याच्या जागी गुलाबाचं फूल छापलंय.

सुगतचा देह त्याच दिवशी कोरा झाला. मी त्याला मैदानाच्या फाटकाशी गाठलं.

‘‘नाटक लै भारी केलंस. मला फसवलंस की.’’

‘‘तुझ्यासाठीच केलं,’’ तो म्हटला. ‘‘त्या दोघांकडं काय करायची गरज नव्हती. तुझाच आकडा पाडायचा होता.’’

‘‘पण नाटकच होतं ना ते? मग मिटलं.’’

‘‘माझं नाटक होतं, हर्षल. तुझं नव्हतं.’’

मी म्हटलं, ‘‘एका क्षणाचं होतं रे.’’

‘‘हो. पण खरं होतं. नसतं तर तो वळला नसता.’’ रागानं नाही बोलला. हिशोब सांगतात तसा बोलला. ‘‘तू चांगला आहेस. मला माहितीये. मी पायावर हात ठेवला तेव्हा मनात म्हणत होतो, वळू नये. हरलो तरी चालंल, पण वळू नये. एका मनानं म्हणत होतो. मग वळला.’’

तुम्ही काय बोलला असता? रव्या, आता बोल की.

त्यानं भाला घेतला. हळूहळू देह घडतोय त्याचा, हात भरायला लागलेत. कुठल्याच टीमला हो म्हटला नाही. मलाच म्हटला, चल, दोघंच उतरू, दोघांना परवानगी आहे. मला वाटलं मिटलं सगळं. उड्या मारत गेलो.

दोघंच असलं की सोपं असतं. ज्याची दुसऱ्याला ओढ कमी, त्याच्याकडं पाव्हणा जातो. खाली पोचलो, पाव्हणा उठला, त्यानं मान पण इकडंतिकडं केली नाही. सरळ माझ्यावर आला. मी खांदा बघितला, एक वार चुकवला, दुसरा चुकवला, तिसऱ्यात पडलो. सुगत आला. आला, पण लगेच आला नाही.

त्यानं हात दिला. ‘‘ऊठ,’’ म्हटला, ‘‘परत लावू.’’

परत लावला. पाव्हणा परत माझ्याकडंच आला. आम्ही रोज उतरतो. वडापाव पण असतो. आजपण जाणाराय, तुमचा चहा झाला की. पाय हलके व्हायला लागलेत माझे.